निरंककाकांची सही

तोंडावर त्यांना सगळे काका म्हणायचे, माघारी निरंककाका. सेवापुस्तकात त्यांच्या पदाचं नाव 'क्षेत्र नमुना सहायक' असं होतं, पण ते कोणाला आठवत नसे, खुद्द त्यांनाही नाही. काम मात्र अगदी साधं. आठवड्यातून तीन दिवस नदीवर जायचं, ठरलेल्या नऊ जागी पाणी बाटल्यांत भरायचं आणि बर्फाच्या पेटीतून आणून माझ्या टेबलावर ठेवायचं. पाण्यात काय आहे ते मी तपासायचे. एकतीस वर्षं ते हेच करत होते. कोणी चिडवलं तर म्हणायचे, "माझा स्वभावच वाईट. मी सगळ्यांना पाण्यात पाहतो."

राष्ट्रीय पर्यावरण संस्थेचं आमचं प्रादेशिक कार्यालय म्हणजे पूर्वीचं एक गोदाम. पुढच्या अंगाला साहेबांची खोली आणि फायलींची कपाटं, मागे माझी प्रयोगशाळा. प्रयोगशाळा म्हणायचं आपलं. दोन ओटे, एक बेसिन, एक जुना फ्रीज. त्या फ्रीजवर 'यात डबे ठेवू नयेत' अशी पाटी होती आणि आत डबेच असायचे. नळ चालू केला की भिंतीतून कोणीतरी घसा खाकरल्यासारखा आवाज यायचा. नव्याने आलेला माणूस दचकायचा, मग आम्ही सगळे हसायचो. आता तो नळ बदललाय. मला तो आवाज हवा होता.

मी रुजू झाले तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि मला वाटायचं की रसायनशास्त्रातलं मला सगळं कळतं. काकांनी पहिल्याच आठवड्यात मला जीपमध्ये घातलं. जीप चालवायला मामा होते. मामा म्हणजे आमचे ड्रायव्हर. रस्ताभर शिट्टीवर गाणी वाजवायचे आणि कुठलंच पूर्ण करायचे नाहीत. नदीवर पोचल्यावर मी ऐटीत बाटली घेतली, वाकले आणि बुडवली.

"पाठ का फिरवलीस?" काका म्हणाले.

"म्हणजे?"

"पाणी येतंय तिकडून. तू तोंड केलंस इकडे. तुझ्याच पायांचा गाळ भरलास बाटलीत. ज्याच्याकडून घ्यायचं त्याच्याकडे तोंड करून उभं राहावं गं. आणि आधी तीनदा विसळ, त्याच पाण्याने. घरून धुऊन आणलीये म्हणून काय झालं."

मला राग आला होता, हे कबूल करते. पदवी माझ्याकडे, आणि हा चपला हातात घेऊन पाण्यात उभा असलेला माणूस मला शिकवतोय. पण तो राग जेमतेम महिनाभर टिकला. पुढे पुढे तर मंगळवारची वाट पाहायला लागले. सकाळी नदीवर गार वारा असायचा, मामांची अर्धवट शिट्टी, थर्मासमधला काकूंनी दिलेला चहा. काकू म्हणजे काकांची बायको. त्या चहा चार माणसांचा द्यायच्या, आम्ही तिघंच असलो तरी. चौथा कप काका नदीच्या काठावर जो कोणी भेटेल त्याला देऊन टाकायचे आणि त्याच्याकडून अर्ध्या गावाची खबर काढून घ्यायचे. कोणी कुठे काय ओतलं हे आम्हाला यंत्रांच्या आधी त्या चौथ्या कपातून कळायचं.

निरंक हे नाव कसं पडलं, तेही सांगते. माझ्या पहिल्याच मासिक अहवालात मी एक रकाना मोकळा सोडला. शिसं सापडलं नव्हतं, मग लिहायचं काय? दुसऱ्या दिवशी काका रजिस्टर घेऊन दारात उभे.

"इथे काही लिहिलं नाहीस."

"काही सापडलंच नाही, काका."

"मग तसं लिही. निरंक लिही. रकाना मोकळा दिसला की वाचणारा समजतो, कोणी गेलंच नव्हतं. निरंक म्हणजे गेलो, भरलं, तपासलं आणि नाही मिळालं. त्या तीन अक्षरांसाठी मी सकाळी सहाला घर सोडतो."

सगळ्या ऑफिसांत हा शब्द लोक जांभई देत लिहितात. कोऱ्या कागदावर शिक्का मारावा तसा. काकांच्या हातून तो शब्द असा उतरायचा की जणू बक्षीस मिळालंय. त्यालाही कारण होतं. ते नोकरीला लागले तेव्हा पट्टा क्रमांक चारमध्ये नदी रोज वेगळ्या रंगाची असायची. नदीचे आम्ही सात पट्टे पाडले होते, त्यातल्या चौथ्यात एकच कारखाना, कापड रंगवण्याचा. सोमवारी निळी, गुरुवारी लाल. धुणं धुणाऱ्या बाया कारखान्याचा रंग विचारून कपडे आणायच्या, असं काका सांगायचे. त्यातलं खरं किती आणि मीठमसाला किती, देव जाणे.

त्या कारखान्याच्या मालकाने पहिल्या भेटीत काकांच्या अंगावर कुत्रं सोडलं होतं. काका दुसऱ्या दिवशी परत गेले. तिसऱ्या दिवशीही. कोर्टकचेऱ्या साहेबांनी केल्या, दंड झाला, पण मालक वळला तो काकांच्या चिकाटीमुळे. दर आठवड्याला हा माणूस दारात यायचा, बाटली दाखवायचा आणि म्हणायचा, "शेठ, हे तुमचं." बस, एवढंच. शेवटी मालकाने हात टेकले. टाक्या बांधल्या, गाळण्या बसवल्या. पहिलं शुद्ध केलेलं पाणी काचेच्या पेल्यात घेऊन तो स्वतः आमच्या ऑफिसात आला.

"घ्या, पिऊन दाखवा," तो म्हणाला.

"तुम्ही आधी," काका म्हणाले.

दोघांनीही प्यायलं नाही. पण त्या दिवसापासून त्यांची गट्टी जमली.

आणि मग तो दिवस आला, जो मी कधी विसरणार नाही. क्रोमियमची तपासणी अशी असते की पाण्यात ते असेल तर जांभळा रंग चढतो. चौथ्या पट्ट्याच्या पाण्याला माझ्या आधीच्या तिघींनी आणि मी वर्षानुवर्षं कमीजास्त जांभळं होतानाच पाहिलं होतं. त्या दिवशी रंग चढला नाही. मला वाटलं, औषध शिळं झालं असेल. नवं काढलं. तरी नाही. काका म्हणाले, "बाटलीत काहीतरी गडबड आहे," आणि मामांना घेऊन परत नदीवर गेले. भर दुपारी, तेवीस किलोमीटर. नव्या बाटल्या आणल्या. पाणी नुसतं पाण्यासारखं राहिलं. काकांनी रजिस्टर ओढलं, टोपण काढलं आणि हळूहळू लिहिलं. मग सगळ्या ऑफिसला बिस्किटं वाटली. स्वतःची मुलगी शाळेत पहिली आली तेव्हाही त्यांनी नुसता चहाच पाजला होता.

त्यानंतर सहा वर्षं चौथ्या पट्ट्यात तोच शब्द. आमचे ते सगळ्यात सुखाचे दिवस होते, हे तेव्हा कळलं नाही.

मग परिपत्रक आलं. 'मनुष्यबळ सुसूत्रीकरण' असा विषय होता. वरच्या लोकांना माणसं कमी करायची असली की ते असले शब्द शोधून काढतात, सरळ बोलायला जीभ वळत नाही. देशभरातली एक तृतीयांश पदं जाणार, कोणती ते कार्यभार पाहून ठरणार. सोबत तक्ता होता. त्यात एक रकाना: 'मागील पाच वर्षांत नोंदलेल्या गंभीर प्रदूषण घटना'.

काकांनी पाचही वर्षांपुढे निरंक लिहिलं. सुंदर अक्षरात. मी ते टाइप केलं, साहेबांनी वर सही ठोकली, तक्ता गेला. खरं सांगते, टाइप करताना माझीही छाती फुगली होती. ज्या कामासाठी आपल्याला ठेवलं ते आपण करून दाखवलं, असं मला वाटत होतं. इतकी वर्षं सरकारी नोकरी करूनही मी इतकी बावळट कशी राहिले, कोण जाणे.

चार दिवसांनी मुख्यालयातून माझ्या मैत्रिणीचा फोन आला. आम्ही एकाच वर्षी नोकरीला लागलो होतो, ती वर चढली.

"तुमच्या ऑफिसला वेड लागलंय का गं?"

"का?"

"घटना शून्य! इथे बंद करायच्यांची कच्ची यादी झालीये. शून्यवाले सगळ्यात वर. काम नाही तर ऑफिस कशाला, असं चाललंय. बाकीच्यांनी चाळीस, पन्नास लिहिलेत. सोमवारी संध्याकाळपर्यंत सुधारित तक्ता घेणार आहेत. भर काहीतरी. मी फोन केला नव्हता."

मी कपाळाला हात लावला. आम्ही जे बक्षीस म्हणून लिहिलं होतं ते तिकडे आमच्या गुन्ह्यासारखं वाचलं गेलं होतं.

साहेबांकडे गेले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "क्षेत्रीय आकडा आहे. ज्याने नमुने घेतले त्याची सही लागते. त्यांनी केली तर मी पुढे पाठवीन." साहेब वाईट माणूस नव्हते. फक्त भिजायची वेळ आली की छत्री दुसऱ्याच्या हातात द्यायचे.

काका आधी ऐकूनच घेईनात. मग म्हणाले, आपण समजावून सांगू. शनिवार-रविवार बसून त्यांनी एकतीस वर्षांची रजिस्टरं काढली आणि दोन पानांचं टिपण लिहिलं. किती फेऱ्या, किती बाटल्या, आधी काय होतं, आता काय आहे. सोमवारी सकाळी आम्ही ते पाठवायला बसलो. पण सुधारित तक्ता या वेळी ऑनलाइन होता. त्या रकान्यात फक्त आकडा चालायचा. टिपण जोडायला जागाच नव्हती. काकांनी माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि म्हणाले, "निरंक टाइप करून बघ." मी केलं. रकान्याभोवती लाल चौकट आली.

आणि मग मी बोलले. त्याची मला आजही लाज वाटते. नवऱ्याचा छापखाना त्याच वर्षी बंद पडला होता, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मुलगी चौथीत. घरात कमावणारी मी एकटी. माझं पद तात्पुरतं, म्हणजे कात्री लागली की पहिला नंबर माझा.

"तुमचं काय जातंय, काका? दीड वर्षात तुम्ही पेन्शन घेऊन घरी बसणार. नदी शुद्ध झाली, तुमचं नाव झालं. आम्ही काय करायचं? मामांनी काय करायचं?"

ते खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "तुला हवं ते लिही. सही मी करतो."

मी सदतीस लिहिलं. पुढच्या रकान्यात पट्ट्याचा क्रमांक मागितला होता. आम्ही सगळ्यात जास्त नमुने चौथ्यात घ्यायचो, बोटं सरावलेली, मी चार लिहिलं. प्रिंट काढून त्यांच्यापुढे ठेवली.

"सदतीसच का?"

"चाळीस फार गोल वाटलं."

त्यांना हसू आलं. मग त्यांनी टोपण काढलं आणि थांबले. "यातली एखादी तारीख सांग ना. निदान एक. म्हणजे काहीतरी डोळ्यांपुढे ठेवून सही करता येईल."

माझ्याकडे एकही तारीख नव्हती. तेव्हा मी तो कागद मागे ओढायला हवा होता. मी ओढला नाही. त्यांनी सही केली. सही नेहमीसारखी आली, ठसठशीत.

यादी लागली. अकरा कार्यालयं बंद झाली. आमच्यापुढे शेरा होता: 'कार्यभार समाधानकारक, सर्व पदे कायम'. मामांनी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा एक गाणं शेवटपर्यंत शिट्टीवर वाजवलं. मी घरी जाऊन नवऱ्याच्या गळ्यात पडून रडले. आनंदानेच रडले, खोटं कशाला सांगू. काका दुसऱ्या दिवशी सहाला नदीवर गेले.

पाच महिन्यांनी संस्थेचा वार्षिक अहवाल छापून आला. आणि एके दुपारी कारखान्याचे मालक आमच्या प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले. केस पांढरे झालेले, हातात तो अहवाल, एका पानात बोट घातलेलं. काका बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवत होते. मी ओट्याशी.

"काका, हे पाहिलंत का? पट्टा चार, घटना सदतीस." त्यांनी पान पुढे केलं. "चारमध्ये तर मी एकटाच आहे."

काकांनी पान पाहिलं. मला वाटलं, आता आरडाओरडा होणार. मला तो हवाच होता. माणूस ओरडला की आपणही ओरडू शकतो.

"खाली सही तुमची आहे म्हणतात. ऑफिसात विचारलं मी."

"माझीच आहे," काका म्हणाले.

मालकांनी अहवाल मिटला. "मग झालं असणार. तुम्ही लिहिलंय म्हटल्यावर प्रश्नच नाही. मला सांगायचं तरी होतंत हो, पूर्वी बाटली घेऊन यायचात तसं. आमच्याच माणसांनी कुठेतरी चावी चुकीची फिरवली असणार, नाहीतर जमिनीखालचा पाइप फुटला असणार. मी शोधतो. पोराला कारखाना सोपवलाय, त्याला वाटायला नको की बापाने लपवलं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी ब्यूरेटची काचेची नळी हातात घेतली आणि थेंब मोजत राहिले. तिच्यात काही भरलेलं नव्हतं.

मालक गेले. काका चिठ्ठी चिकटवायला गेले, ती वाकडी लागली, त्यांनी ती काढली, पुन्हा वाकडी लागली.

"भांडला असता तर बरं झालं असतं गं," ते म्हणाले. "त्याने भांडायला हवं होतं."

"मी सांगते त्यांना, काका. खरं काय ते सांगते."

"मी आत्ता धावत जाऊन सांगू शकतो. माझं मन मोकळं होईल आणि तुझी नोकरी जाईल. मामाचीही. तेव्हा कधी सांगायचं ते तू ठरव. सही माझी असली तरी आकडा तुझा आहे."

त्याच आठवड्यात त्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. साहेबांनी पुष्कळ समजावलं, काका, वर्षभरच राहिलंय, कशाला? ते म्हणाले, "नमुने घेणाऱ्याचं लिहिलेलं खरं असावं लागतं. माझं आता तसं नाही." निरोपाला ते आले, पण भाषण केलं नाही. रिकामं होणारं पद आपोआप रद्द, असं त्याच परिपत्रकात होतं. म्हणजे कात्री लागायची ती लागलीच, त्यांनी ती आपल्या हाताने स्वतःला लावून घेतली. आता महिन्यातून एकदा मी आणि मामा जातो. नऊऐवजी चार जागी. बाटली तीनदा विसळते. थर्मास मी घरून नेते, दोघांपुरता.

मालकांनी त्या वर्षी कारखान्यातला सगळा पाइप उकरला. आवार खणून काढलं, फरशा उचलल्या. काही सापडलं नाही. त्यांनी आमच्या कार्यालयाला पत्र पाठवलं. तपासणीत गळती आढळली नाही, तरीही चूक आमचीच असली पाहिजे, शोध चालू आहे, आपल्या मार्गदर्शनाची विनंती आहे. पत्र माझ्या टेबलावर आलं, मी आवक क्रमांक घातला. त्याला आता दोन वर्षं झाली.

काका कधीकधी पुलापाशी भेटतात. तब्येत बरी आहे, काकूंचे गुडघे दुखतात, मुलगी लांब असते. माझ्या मुलीची शाळा विचारतात, मामांची शिट्टी विचारतात. निघताना आवाज न चढवता विचारतात, "मालकाला सांगितलंस का?"

परवाही विचारलं. मी म्हणाले, "या आठवड्यात नक्की, काका." ते बरं म्हणाले.